पातळी नऊ

भिंतीवर तक्ता आहे,
मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवून केलेला.
तळाशी एकच चौकट: शिकाऊ.
दहाव्या पातळीला तिचे तीन फाटे,
धनुर्धर, वैद्य, मांत्रिक.
विसाव्याला वैद्याचा विषवैद्य होतो नाहीतर सुईण.
(औषध तेच, मापाचा फरक;
हे वाक्य आवडलं म्हणून फाटा ठेवला.)
मांत्रिकाचं पुढे काय, ते अजून पेन्सिलीत.

गोळीबार चौकाच्या मागे, दुसरा मजला,
चार माणसं, तीन संगणक, एक कूलर.
नागपूरचा मे.
ताट्या दुपारी दोनदा भिजवाव्या लागतात,
नाहीतर निमजेचं मशीन बंद पडतं
आणि पाठोपाठ निमजे.

बाबा डबा द्यायला वर आले, तक्त्यासमोर थांबले.
तीस वर्षं मागावर बसलेला माणूस,
मग माग विकून
इतवारीत कापडाच्याच दुकानाबाहेर, वॉचमनच्या खुर्चीवर.
बोटानं रेघ धरून वर गेले, खाली आले.
"धागा असा फुटत नाही," म्हणाले,
"तुटते. तुटला का गाठ माराची, पुढं जाची."
मी म्हटलं, बाबा, हे झाड आहे.
"मंग पानं कुठी हायेत?"

त्या रात्री तिसाव्या पातळीवर मी एक गाठ मारली:
नेम गेलेला धनुर्धर आणि थकलेली सुईण
तिथे एकाच चौकटीत येतात.
चौकटीला नाव सापडलेलं नाही.

खेळून बघायला खालच्या मजल्यावरची खुशबू बारापात्रे येते.
खरं तर कूलरसाठी येते,
दहावीचा निकाल लागेपर्यंत तिला दुसरं काम नाही.
एकतीस तास खेळून झाले, पातळी नऊ.
आम्हाला बग वाटला. निमजेनं नोंदी काढल्या.
बग नव्हता.
राक्षस दिसला की ती वाट बदलते,
पुलाखालच्या बेडकांनाही वळसा घालते,
कारण बेडकाचेसुद्धा दोन गुण मिळतात.
गावातल्या प्रत्येकाशी बोलून झालंय तिचं,
पाणक्याशी नऊ वेळा.
कोणी वाचणार नाही म्हणून मी लिहिलेली वाक्यं
तिला पाठ आहेत.

"काऊन वं, दहावर का नाही जात?"
"गेलं का बाकीचे दोन काळे होतेत ना, ताई."
होतात. काळे नाही, करडे.
ती छटा निवडायला मी अर्धा दिवस घालवला होता,
दिसावं, पण हात पुरू नये, इतकीच.

निमजे म्हणाला, हजार मोहरांत निवड पुसायची सोय देऊन टाक,
सगळेच देतात.
मी नाही म्हटलं. का, ते सांगता आलं नाही,
डब्यातली वांग्याची भाजी त्याच्याकडे सरकवली.
खाता खाता तो म्हणाला, मग वेळेचेच गुण दे.
खेळात दिवस उगवला की अनुभव वाढला,
काही मारलं नाही, काही केलं नाही, तरी.
नऊवर कोणी राहूच शकणार नाही.

साधी ओळ. दोन मिनिटांचं काम.
आकड्यापाशी अडले.
पाच लिहिला, पुसला. तीन लिहिला.
माग विकला तेव्हा बाबा किती वर्षांचे होते, ते आठवून पाहिलं.
तीन पुसला.
शेवटी अर्धा ठेवला.
"अर्धा अनुभव काय असते?" निमजे हसला,
पण बदलला नाही त्यानं.

आज दुपारी ती आली.
शिकाऊला विहिरीपाशी झोपवलं, उठवलं.
पट्टी केसाएवढी पुढे सरकली.
परत झोपवलं. परत उठवलं.
मी बादली नळाखाली लावली.

"ताई, हे तं आपोआप भरून राहिलं."
"हो."
"मंग किती दिवस हायेत?"

पाण्याला धार कमी होती.
मी मोजायला लागले.